फूल, मोहरी आणि काविळीची माळ

(विहाराच्या वर्षावास प्रवचनमालेत एका उपासिकेने दिलेले हे भाषण. वक्त्या महापालिकेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरणी विनम्र अभिवादन करून मी दोन शब्द सांगणार आहे. समितीने मला विषय दिला होता "आरोग्य आणि धम्म". पण गेल्या पौर्णिमेला ह्याच विहारात मी एक गोष्ट पाहिली आणि विषय आपोआप बदलला.

वंदना संपली, खीरदान सुरू झालं. एक लेकुरवाळी बाई गर्दी कमी व्हायची वाट बघत थांबली होती. कोणी बघत नाही असं पाहून तिनं तथागतांच्या मूर्तीपुढची दोन फुलं उचलली आणि पदराच्या गाठीला बांधली. मी जवळ जाऊन विचारलं, "काय गं, फुलं कशाला?" ती म्हणाली, "मावशी, बाळाला आठवडा झाला ताप आहे. उशाखाली ठेवते." मी तिला रागावले नाही. आईचं मन आहे. मी तिला एवढंच विचारलं की रक्त तपासलं का. तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेले. बाळ आता बरं आहे आणि ती बाईही इथंच बसली आहे, तिची परवानगी घेऊनच हे सांगते आहे.

पण घरी जाताना मला चैन पडेना. माझ्या आजोबांनी १९५६ साली दीक्षेनंतर घरातले देवाचे टाक नदीत सोडले. मरीआईचा लिंबाचा डहाळा दारावरून काढला. केवढं धाडस होतं त्या काळी! गावाचा रोष पत्करून, अंगावर धड कपडा नसताना केलेली गोष्ट आहे ती. आणि आज आपण शिकलेली माणसं, आपल्या वस्तीत एकदा फेरी मारून बघा. दाराच्या एका बाजूला पंचशील ध्वजाचं स्टिकर, दुसऱ्या बाजूला शनिवारची लिंबू-मिरची, त्यात ओवलेला बिबा. रिक्षाच्या आरशाला एकीकडे बाबासाहेबांचा फोटो आणि खाली काळी बाहुली. देव गेले, लिंबू राहिलं!

बावीस प्रतिज्ञांमध्ये लिंबू-मिरची हा शब्द नाही, गंडा-दोरा हाही नाही, हे मला माहीत आहे. पण धम्माशी विसंगत असं वागणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यात आहेच की. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात धम्म म्हणजे काय याबरोबर काय म्हणजे धम्म नव्हे, हेही बाबासाहेबांनी सांगितलं आहे, आणि दैवी चमत्कारावरचा विश्वास त्यांनी ह्या दुसऱ्या बाजूला टाकला आहे. ज्यांच्या घरी ग्रंथ आहे त्यांनी तो भाग काढून वाचावा. कपाटात ठेवलेल्या ग्रंथाला फूल वाहून तो वाचला जात नाही.

मग प्रश्न येतो, की आपण तरी फुलं का वाहतो? माझ्या नातवानंच मला हा प्रश्न केला. "आजी, मूर्तीला वास येतो का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, मूर्तीला वास येत नाही, तुला येतो ना? पुष्पपूजेची जी गाथा आपण रोज म्हणतो तिचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? त्या गाथेत ऐहिक असं काही मागितलेलं नाही. नोकरी नाही, मूल नाही, पाऊसही नाही. रंगानं, वासानं भरलेलं हे फूल जसं कोमेजणार आहे, तसंच माझं हे शरीरही जाणार आहे, एवढंच आपण स्वतःला सांगतो. म्हणून ताजं फूल आणायचं आणि म्हणूनच ते कोमेजू द्यायचं. प्लास्टिकचं फूल विहारात चालत नाही याचं कारण हेच. खर्चाचा किंवा कमीपणाचा प्रश्न नाही, ते कोमेजतच नाही तर शिकवणार काय?

महापरिनिब्बान सुत्तात प्रसंग आहे. कुसिनाऱ्याला शालवृक्षांच्या जोडीखाली तथागत शेवटचे आडवे झाले आहेत. अवेळी शालवृक्ष फुलले आणि फुलं त्यांच्या अंगावर पडू लागली, असं वर्णन आहे. तिथं तथागत आनंदाला सांगतात, की अशानं तथागताचा खरा सन्मान होत नाही. जो धम्माप्रमाणे चालतो, तोच खरी पूजा करतो. स्वतःच्या अंगावर पडणाऱ्या फुलांबद्दल जो असं म्हणतो, त्याच्या मूर्तीपुढचं फूल ताप कसं उतरवील?

काही लोक मला म्हणतील, बाई, पण वनस्पतीत गुण असतो की नाही? असतो ना! कोण नाही म्हणतं? तथागतांनीच मान्य केलं आहे. विनयपिटकात महावग्गामध्ये औषधांचा एक सबंध खंड आहे, भेसज्जक्खंधक. आजारी भिक्खूंना कोणत्या मुळ्या, कोणती पानं, कोणती फळं चालतील त्याची यादी त्यात आहे. ऐका हं, बायांनो, तुमच्या स्वयंपाकघरातली नावं येतील. मुळ्यांमध्ये हळद, आलं, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. पानांमध्ये कडुलिंब, कुडा, पडवळ, तुळस, कापूस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा. आपली आजी बाळाला उगाळून घालायची ते वेखंड ह्या यादीत आहे. पण ते दळून, उकळून, पोटात घ्यायचं किंवा अंगाला लावायचं म्हणून आहे. काळ्या दोऱ्यात ओवून मनगटाला बांधलं, म्हणजे नजर लागत नाही, असं त्यात कुठंही नाही. आणि दीघनिकायात, ब्रह्मजाल सुत्तात, भिक्खूनं कशावर पोट भरू नये याची लांबलचक यादी दिली आहे. त्यात अंगलक्षणं पाहणं आहे, भूतविद्या आहे, मंत्रतंत्र आहे, आणि औषधं देण्याचा धंदाही आहे. म्हणजे एकीकडे आजाऱ्याला औषध मोकळं केलं, दुसरीकडे भिक्खूनं त्याचं दुकान मांडायचं नाही, असा बंदोबस्त केला.

जीवक वैद्याची गोष्ट मुलांनी लक्षात ठेवावी. तक्षशिलेला सात वर्षं शिकल्यावर गुरूनं त्याच्या हातात खुरपं दिलं आणि सांगितलं, की सभोवताली योजनभर हिंड आणि जी वनस्पती औषधी नाही अशी एखादी घेऊन ये. जीवक हिंडून हिंडून रिकाम्या हातानं परत आला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. गुरू म्हणाला, झालं तुझं शिक्षण. याच जीवकानं पुढं तथागतांना जुलाब द्यायची वेळ आली तेव्हा काय केलं? कडक औषध तथागतांना देणं त्याला बरं वाटेना. म्हणून त्यानं तीन मूठ कमळांना निरनिराळ्या औषधांचा पुट दिला आणि ती हुंगायला दिली. आमच्या नर्सिंगच्या भाषेत सांगायचं तर औषध द्यायचा मार्ग बदलला. फूल तिथंही आहे, पण मंत्र नाही. कमळात औषध मुरवलं होतं म्हणून काम झालं.

आता मोहरीकडे येते. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची, तडतडली की नजर उतरली. हे आपल्या किती घरांत अजून चालतं, ते मी हात वर करायला सांगून विचारणार नाही. (हशा) मोहरी गरम झाली की तडतडणारच, फोडणीत रोज तडतडते, तेव्हा कोणाची नजर उतरते? ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुलिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी द्यायला सांगितली आहे, आणि ती राक्षसांना लांब ठेवण्यासाठी म्हणून सांगितली आहे.

हे ध्यानात ठेवून किसागोतमीची गोष्ट पुन्हा ऐका. मेलेलं बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत दारोदार फिरत होती. तथागतांनी तिला सांगितलं, चिमूटभर पांढरी मोहरी आण. मात्र ज्या घरात कधी कोणी मेलं नाही अशा घरातून आण. पांढऱ्या मोहरीला पालीत सिद्धत्थक म्हणतात, सिद्धार्थाच्या नावाचंच धान्य म्हणा ना! तिला वाटलं असेल, हे आता मोहरी ओवाळणार, मंत्र म्हणणार आणि बाळ उठून बसणार. म्हणूनच ती धावत गेली. मोहरी प्रत्येक घरात होती. पण एका घरात बाप गेलेला, एका घरात लेक गेलेली. संध्याकाळपर्यंत तिला कळायचं ते कळलं, आणि तिनं स्वतःच्या हातानं बाळाला स्मशानात नेलं. ती मोहरी कोणी ओवाळली नाही, चुलीत टाकली नाही. सगळ्या गोष्टीत ती मोहरी वापरलीच गेली नाही, हे मला नर्सच्या नोकरीत फार वर्षांनी कळलं. एका रात्री एका आईच्या शेजारी बसून राहिले होते, तेव्हा.

आता मी तुम्हाला माझ्या घरातली गोष्ट सांगते. ती मी चार लोकांत कधी सांगितलेली नाही.

मी नर्सिंगला जायच्या आधीची गोष्ट. आम्ही गावी राहत होतो. माझी थोरली वहिनी सात महिन्यांची गरोदर होती. तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, लघवी गडद, अन्नाचा वास सहन होईना. शेजारच्या गावात एक माणूस कावीळ उतरवायचा. त्याचं फार नाव होतं, पैसेही मागायचा नाही, नारळ आणि अगरबत्ती एवढंच. त्यानं वहिनीचे हात आपल्या हातांनी चोळले, परातीत चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळंधम्मक झालं. सगळ्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. मग त्यानं वनस्पतीच्या काड्यांची माळ तिच्या डोक्याला बांधली आणि सांगितलं, माळ वाढत जाईल तशी कावीळ उतरत जाईल. दवाखान्याची सुई लावली तर गुण जाईल.

माळ वाढली की हो! डोक्यावरची गळ्यात आली, गळ्यातली छातीवर आली. माझी आजी रोज सकाळी माळ बघायची आणि म्हणायची, "वाढली बघ बाय माझी, उतरतीया कावीळ." डोळ्यांकडे कोणी बघेना, सगळे माळेकडे बघत होते. आठव्या दिवशी वहिनी असंबद्ध बोलू लागली. नवव्या दिवशी तिनं दादाला ओळखलं नाही. बैलगाडीनं तालुक्याला नेईपर्यंत ती गेली आणि पोटातलं बाळही गेलं. माळ तेव्हा बेंबीपर्यंत आली होती.

(येथे वक्त्या काही क्षण थांबल्या.)

आता ही बघा माळ. ही मी चार दिवसांपूर्वी बांधली. घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, आपल्या मैदानाच्या कडेला उगवते, तिच्या हिरव्या काड्यांचे तुकडे आहेत. सुईनं ओवलेले नाहीत, दोऱ्याच्या वेढ्यात अडकवलेले आहेत. बांधली तेव्हा ह्या कळशीच्या गळ्याला घट्ट बसत होती. आज बघा, कळशीच्या पोटावरून खाली लोंबते आहे. कळशीला तर कावीळ झाली नव्हती! (हशा) हिरवी काडी वाळते, वाळली की बारीक होते, तिच्याभोवतीचा वेढा सैल पडतो आणि तो दोरा लांबीत जातो. एवढंच. माणूस मरो की जगो, माळ वाढणारच.

आणि हे पिवळं पाणी. आंब्याच्या आतल्या सालीचा रस मी हाताला चोळून वाळवून आले आहे. ह्या वाटीत चुन्याची निवळी आहे. मुलांनो, जवळ या. (येथे वक्त्यांनी हात बुडवून दाखविले, पाणी पिवळे झाले.) माझ्या अंगातून काही निघालं नाही. सालीतला रंग चुन्यानं उघडा पडला. हे प्रयोग महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव दाखवत आले. मी प्रथम पाहिले तेव्हा मी नोकरीला लागले होते. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मागच्या बाकावर रडत होते.

तुम्ही म्हणाल, मग इतक्या लोकांना गुण येतो तो कसा? सरळ आहे. घाण पाण्यातून होणारी कावीळ, डॉक्टर ज्याला ए किंवा ई म्हणतात, ती बहुतेकांची विश्रांती घेतली की काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. माळ बांधा नाही तर न बांधा. बरा झालेला माणूस माळेचं नाव गावभर करतो. मेलेला कुठं सांगायला येतो? पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ई प्रकारची कावीळ झाली तर शंभरात वीस-पंचवीस बाया दगावू शकतात. तिथं एकेक दिवस मोलाचा असतो, आणि आम्ही नऊ दिवस माळ मोजली.

सापाचंही तसंच. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी. त्यांनी चावलं आणि भगतानं जिभेखाली मुळी ठेवली की माणूस वाचतो आणि भगत मोठा होतो. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं असेल तर मुळी आणि लिंबाचा पाला चघळण्यात गेलेला वेळ परत येत नाही. त्यावर प्रतिसर्पविष हेच औषध. २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाल्यानंतर, आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. गावी गेलात तर सांगा लोकांना.

बाळंतिणींसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. बाळाच्या पोटाला बिब्याचं तेल लावू नका. बिब्यानं कातडी भाजते, फोड येतात. अशी बाळं मी वॉर्डात पाहिली आहेत. आणि धोतऱ्याच्या बियांशी खेळ करू नका. धोतरा पोटात गेला की तोंड कोरडं पडतं, बुबुळं मोठी होतात, माणूस भ्रमात बडबडतो. त्याला लोक "अंगात आलं" म्हणतात आणि हळदकुंकू लावतात. त्याला हवा असतो डॉक्टर.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर माझं बोलणं एकतर्फी होईल. ही पांढरी-गुलाबी सदाफुली, आपल्या चाळीत डालड्याच्या डब्यात लावायचो ती, मूर्तीपुढे रोज असते. तिच्या पानांनी साखर उतरते अशी परदेशातही समजूत होती. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी ते तपासून पाहिलं. साखरेवर काही परिणाम दिसेना, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होताना दिसल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधं निघाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. केस गळालेली पोरं खिडकीत बसून पतंग बघतात आणि त्यांच्या शिरेतून हे सदाफुलीचं औषध जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून कोणी उद्यापासून सदाफुलीची पानं चावायला लागू नका, ती विषारी आहेत. आमच्या शेजारचे एक काका डायबेटिससाठी चावतात, त्यांना मी तीनदा सांगितलं. मोजून, शुद्ध करून, पारखून दिलं तर औषध. नाही तर विष.

आणखी एक बोलते, भन्तेजींनी क्षमा करावी. परित्राणपाठानंतर आपण मनगटाला पांढरा दोरा बांधतो. मैत्री भावनेची आठवण म्हणून तो आहे, असं भन्तेजींनीच मागं समजावलं होतं. पण काही घरांत तो दोरा परीक्षेला जाताना, मुलाखतीला जाताना बांधायचा म्हणून जपून ठेवतात. मग त्याच्यात आणि गंड्यात फरक काय राहिला? रंगाचा? (भन्तेजी: "बरोबर आहे, बोला.") पाठाचं पाणी आजाऱ्याला पाजणारी माणसंही मला माहीत आहेत. पाजा, पण उकळून पाजा.

ज्या बाईनं फुलं नेली तिला मी नंतर विनयातलीच एक गोष्ट सांगितली. एक भिक्खू हगवणीनं आजारी होता, स्वतःच्या घाणीत पडला होता, कोणी विचारत नव्हतं. तथागत फिरत तिथं आले. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. तथागतांनी पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवलं. मंत्र म्हटला नाही, उशाला फूल ठेवलं नाही. मग भिक्खूसंघाला बोलावून सांगितलं, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. माझ्या नोकरीत कंटाळा आला की मी ही गोष्ट आठवायची.

वेळ संपत आली. मागून चिठ्ठी आली आहे, की वाहिलेल्या फुलांचं काय करायचं. नदीत टाकू नका, पिशवीत बांधून कचराकुंडीतही नको. विहाराच्या मागं एक पिंप ठेवू, त्यात फुलं आणि पालापाचोळा टाकू. खत होईल, ते सदाफुलीच्या कुंड्यांना घालू.

आणि काविळीचं निघालंच आहे तर सांगते. आपल्या विहाराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी मी परवा उघडून पाहिली. झाकण फुटलं आहे, आत शेवाळ आहे आणि कबुतराची पिसं आहेत. पौर्णिमेला तेच पाणी आपण सगळे पितो, आपल्या वस्तीतल्या दोन सुना सध्या गरोदर आहेत. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन येते. शिडी धरायला तरुण मंडळातली चार पोरं हवीत. नावं आत्ताच समितीकडे द्या.

जयभीम!